पिनमागचे पावणेआठ रुपये कुठे जातात? डायरेक्ट मटेरियल आणि डायरेक्ट लेबरचा हिशोब

प्रश्न असा आहे: भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक बँडसॉ (पट्टीची करवत), दोन पाळ्या, पाच माणसं. महिन्याला सहा हजारांच्या आसपास स्टीलच्या पिना एकाच कस्टमरला जातात. रेट ७७ रुपये. माझ्या हिशोबाने मटेरियल ३९.५०, ऑपरेटर ३.७५ आणि बाकी सगळं (हप्ते, वीज, भाडं, टूल्स, इतर पगार) २६ रुपये. म्हणजे नगामागे ७.७५ सुटायला हवेत. सीए मात्र म्हणतात की वर्षात नफा जवळपास नाहीच. डायरेक्ट मटेरियल (नगात थेट जाणारा माल) आणि डायरेक्ट लेबर (नगावर थेट लागणारी मजुरी) नेमकं कसं काढायचं? बँडसॉवरचा माणूस आणि हेल्पर कशात धरायचे? ओव्हरटाइम कुठे टाकायचा? कधीकधी मी स्वतःच पाळी करतो, त्याचं काय? आणि रेट वाढवून मागायचा तर कस्टमरला काय दाखवायचं?

उत्तर लिहिण्याआधी मी तुम्हाला एक लॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजायला सांगितलं होतं. तुम्ही तो मोजलात आणि खरे आकडे पाठवलेत, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्याच वर्कशॉपमधलं आहे. मी चोवीस वर्षं याच कामात आहे, पुणे पट्ट्यात आणि कोल्हापूरकडे. तुमच्यासारखी अडचण असलेल्या बहुतेक ठिकाणी चूक बेरजेत नसते. बिलातला दर बरोबर असतो, मस्टरवरचा पगारही बरोबर असतो. पण बिल आणि मस्टर एवढंच सांगतात की पैसे किती गेले. एका पिनमध्ये त्यातले किती शिरले, हे वजनकाट्यावर आणि पाळीत निघालेले नग लिहायच्या फळ्यावरच कळतं.

आधी मटेरियल घेऊ, कारण तुमच्या ७७ रुपयांत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच आहे.

तुमची पिन ईएन-८ ग्रेडच्या स्टीलची, ३२ मिमीच्या काळ्या गोल बारमधून निघते. तयार लांबी ९६ मिमी, दोन्ही बाजूंना फेसिंगला (टोक सपाट करायला) १-१ मिमी, म्हणजे कटिंग ९८ मिमी. तुम्ही नेहमीचं सूत्र लावलं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. ३२ चा वर्ग १०२४, भागिले १६२, म्हणजे मीटरला ६.३२ किलो. ९८ मिमीचं वजन ६२० ग्रॅम. ७० रुपये किलोने ४३.४० रुपये. तयार पिन ४६५ ग्रॅम भरते, म्हणजे १५५ ग्रॅम चिप्स (लेथवर निघणारा चुरा). त्या २५ रुपये किलोने विकल्या की ३.९० परत. उरले ३९.५०.

सूत्रात काही चूक नाही. पण हा हिशोब एका तुकड्याचा आहे आणि तुम्ही तुकडा विकत घेत नाही, सहा मीटरचा बार घेता. बँडसॉचं पातं प्रत्येक कटला २ मिमी खातं, म्हणजे एका पिनला ९८ नव्हे, १०० मिमी बार लागतो. बारचं पुढचं टोक वाकडं-तिरकं असतं म्हणून सुरुवातीला २० मिमी कापून टाकावं लागतं. शेवटचा तुकडा सॉच्या वाइसमध्ये (पकडीत) धरता येत नाही म्हणून १८० मिमी पडून राहतो. कागदावर ६० पिना दिसतात, तुमच्याकडे निघतात ५८. सॉने खाल्लेलं आणि टोकं मिळून नगामागे ३४ ग्रॅम, म्हणजे २.४० रुपये. टोकं भंगारात जातात तेव्हा त्यातले थोडे परत येतात. सॉचा भुसा कूलंटच्या टाकीत जातो, त्याचं काहीच येत नाही.

दुसरी गोष्ट काट्याची. सूत्राप्रमाणे तेरा बार ४९३ किलो भरायला हवे होते, बिलात आले ५००. सप्लायरने फसवलेलं नाही. काळ्या बारला रोलिंगचा टॉलरन्स असतो, व्यास थोडा वर असला की वजन वाढतं आणि पैसे काट्याच्या वजनाचे द्यावे लागतात. जादा वजन तुम्ही लेथवर चिप्स करून टाकता. ७० ने घ्यायचं, २५ ने विकायचं.

म्हणून मी सूत्र बाजूला ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो: इतके किलो आत गेले, चांगले नग किती बाहेर पडले?

तुमचा लॉट: १३ बार, ५०० किलो. ७५४ तुकडे कापले, १४ रिजेक्ट, ७४० चांगले. बारचा दर ७०, वर टेम्पोभाडं आणि हमाली किलोला १ रुपया, म्हणजे ७१. एकूण ३५,५००. चिप्स, टोकं आणि रिजेक्ट मिळून १४५ किलो भंगार विकलं, सरासरी २५ ने, ३,६२५ आले. उरले ३१,८७५. भागिले ७४०, म्हणजे ४३.०७ रुपये.

३९.५० नव्हे, ४३.०७. नगामागे साडेतीन रुपयांच्या वर फरक. सहा हजार नगांवर महिन्याला एकवीस हजार रुपये तुम्ही रेट देतानाच सोडून दिले होते.

टेम्पोभाडं आणि हमाली मटेरियलमध्येच धरा, कारण माल दारात येईपर्यंतचा खर्च मालाचाच. जीएसटी धरू नका, त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं. मी अशी कोटेशन्स पाहिली आहेत ज्यांत १८ टक्के मटेरियलमध्ये मिसळलेले होते आणि मग रेट जास्त वाटतो म्हणून मालकाने मजुरी कापून दाखवली होती. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

रिजेक्शनबद्दल थोडं थांबून सांगतो. शंभरात दोन नग जातात हे तुमच्या प्रोसेसचं नेहमीचं आहे. ते नग चांगल्या नगांच्या खर्चातच बसले पाहिजेत, म्हणून मी ७५४ ने नाही, ७४० ने भागलं. पण समजा उद्या चुकीच्या ग्रेडचा बार लागला आणि दोनशे पिना एकदम भंगारात गेल्या, तर तो खर्च पिनच्या कॉस्टमध्ये टाकायचा नाही. तो वेगळा लिहायचा, त्या महिन्याचा तोटा म्हणून. स्टॉकची किंमत काढण्याच्या अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्येही हेच आहे: असाधारण वाया गेलेलं मटेरियल आणि मजुरी मालाच्या किमतीत घ्यायची नाही. याला व्यावहारिक कारण आहे. तो तोटा रेटमध्ये घातलात तर पुढचं कोटेशन उगाच चढेल आणि काम जाईल. वेगळा दिसला तर ग्रेड तपासायची सवय लागेल.

इथेच एक बचत दिसते. १८० मिमीच्या टोकातून आणखी एक पिन निघू शकते, अडचण फक्त धरण्याची आहे. वाइसच्या मागच्या जबड्यात त्याच व्यासाचा आधाराचा तुकडा ठेवून ८० मिमीवर पकड मिळते का, ते तुमच्या सॉवाल्याबरोबर बसून बघा. बारला ५९ निघाल्या तर नगामागे पन्नासेक पैसे वाचतात, महिन्याला तीन हजार. पकड सुरक्षित नसेल तर मात्र अजिबात करू नका. त्या टोकातून ८० मिमीच्या आतला दुसरा एखादा जॉब निघतो का ते पाहा. माझ्या पहिल्या नोकरीत, एका फोर्जिंगच्या कारखान्यात, टोकांचा ढीग रोज भंगारात जायचा. मी कॉस्ट शीट टाइप करून साहेबांकडे न्यायचो. त्या ढिगाला हात लावावा हे मला दोन वर्षं सुचलं नाही. स्टोअरच्या वयस्कर कीपरने एकदा मला हाताला धरून तिथे नेलं, ढीग काट्यावर चढवला आणि आकडा माझ्याच वहीत लिहायला लावला. त्या दिवसापासून मी ऑफिसात बसून मटेरियल कॉस्ट काढलेली नाही.

आता लेबर.

तुमचा हिशोब: ऑपरेटरचा पगार १८,०००, भागिले ३० दिवस, भागिले ८ तास, म्हणजे ताशी ७५ रुपये. मशीनवर सायकल टाइम ३ मिनिटं, तासाला २० नग, म्हणून ३.७५. (एकच ऑपरेटर दोन्ही लेथ बघतो. पहिलं ऑपरेशन ३ मिनिटांचं, दुसरं त्याहून कमी, म्हणून पहिल्याच ऑपरेशनवर गणित चालतं, हे बरोबर आहे.)

पण ३० दिवस तो मशीनवर नसतो. पगार आणि एका पिनमधली मजुरी यांच्यामध्ये तीन गाळण्या आहेत.

पहिली गाळणी पैशांची. १८,००० हा मस्टरचा आकडा आहे. तुम्ही पीएफ १५,००० वर भरता. मालकाचा वाटा १२ टक्के, त्यावर विमा आणि प्रशासकीय खर्च अर्धा-अर्धा टक्का, म्हणजे १३ टक्के, १,९५०. ईएसआयमध्ये मालकाचे ३.२५ टक्के, १८,००० वर ५८५. दिवाळीला तुम्ही एक पगार बोनस देता, त्याचा महिन्याचा वाटा १,५००. ग्रॅच्युइटी आज द्यावी लागत नाही म्हणून कुणी धरत नाही, पण माणूस तुमच्याकडे टिकला आणि जाताना ती द्यायची असेल तर तिचा वाटा आजपासूनच धरायला हवा. पीएफच्याच १५,००० वर, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, महिन्याला साधारण ७२०. बेरीज २२,७५५. वर्षाला २,७३,०६०. कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड ७ मध्येही कर्मचाऱ्याचा खर्च असाच, सगळ्या लाभांसह धरतात. हे सगळं त्याच्याच श्रमाचं मोल आहे. ओव्हरहेडमध्ये, म्हणजे तुमच्या 'बाकी सगळं' या २६ रुपयांत, 'स्टाफ वेल्फेअर' नावाच्या खात्यात ते हरवू देऊ नका.

एक बारीक सूचना: उचल हा खर्च नव्हे. गणपतीला दहा हजार उचल दिली म्हणून त्या महिन्याची लेबर कॉस्ट वाढत नाही, ते तुमचं येणं आहे. तुमच्या टॅलीत दोन महिन्यांत उचल पगारात मिसळलेली दिसली, ती वेगळी करून घ्या.

दुसरी गाळणी दिवसांची. ३६५ मधून साप्ताहिक सुट्टीचे ५२ गुरुवार गेले, ८ सणांच्या सुट्ट्या गेल्या, १५ पगारी रजा गेल्या. उरले २९०. खाडा इथे धरलेला नाही, कारण खाड्याचा पगार कापला जातो. खाड्याचा खरा खर्च ओव्हरटाइममध्ये येतो, ओव्हरटाइमकडे मी पुढे येतोच. २,७३,०६० भागिले २९०, म्हणजे ऑपरेटरचा एक दिवस तुम्हाला ९४२ रुपयांना पडतो. तुमच्या मनात तो ६०० रुपयांचा आहे.

तिसरी गाळणी नगांची, आणि सगळ्यात जास्त पैसे हिच्यातून जातात. ३ मिनिटांची सायकल म्हणजे मशीनचं दार बंद झाल्यापासून उघडेपर्यंतचा वेळ. नग काढणं, नवा लावणं, चिप्स हवेने उडवणं, दर काही नगांनी मायक्रोमीटर लावणं, इन्सर्टची (कापणाऱ्या बदलत्या टोकाची) धार फिरवून मशीनला नवं माप (ऑफसेट) देणं, हे त्या तीन मिनिटांत नाही. दोन चहा, पाळी सुरू होताना आणि संपताना साफसफाई हे आठ तासांतच आहे, त्यात गैर काही नाही. तुमच्या फळ्यावर महिनाभर पाळीची सरासरी १२० चांगले नग आली. कागदावर १६० होते.

९४२ भागिले १२०, म्हणजे ७.८५ रुपये. ३.७५ च्या दुप्पट.

आता ७७ मधून ४३.०७, ७.८५ आणि तुमचे २६ वजा करा. उरतात ८ पैसे. तुमचे सीए बरोबर सांगत होते.

इथे एका गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते, म्हणून आडवळण घेतो. १२० आणि १६० मधला फरक पाहिला की मालकाची पहिली प्रतिक्रिया असते: 'पोरं टाइमपास करतात, चहा बंद करा.' कृपा करून हे करू नका. फळ्यावर तासाचे आकडे लिहायला लावले तेव्हा तुमच्या ऑपरेटरने पहिले दोन दिवस सगळीकडे सारखेच आकडे लिहिले होते, आठवतं? तो घाबरला होता. त्याला सांगितलं की कमी नग आले तर कारण लिही, कुणी ओरडणार नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी खरी कारणं आली: कटिंग झालेले तुकडे वेळेवर मिळाले नाहीत, ४० मिनिटं. गेज (माप तपासायचं साधन) दुसऱ्या पाळीच्या कपाटात कुलपात, २५ मिनिटं. इन्सर्ट संपले, मालकाला फोन, अर्धा तास. यातलं एकही कारण त्याच्या हातातलं नाही, सगळी तुमच्या हातातली आहेत. पाळीच्या सुरुवातीला शंभर तुकडे कापून तयार ठेवा, गेजची दुसरी किल्ली करा. १२० चे १३० झाले तर मजुरी ७.२५ वर येते आणि ऑपरेटरचा एक रुपया कापावा लागत नाही. शिवाय ७७ मध्ये ऑपरेटरचे आठ रुपयेसुद्धा नाहीत आणि मटेरियलचे ४३ आहेत. मटेरियलमध्ये एक टक्का वाचवणं म्हणजे मजुरीत साडेपाच टक्के वाचवण्याइतकं.

बँडसॉवाला आणि हेल्पर. पुस्तकात लिहिलेलं असतं की जो मालाला हात लावतो तो डायरेक्ट आणि बाकीचे इनडायरेक्ट. वर्कशॉपवर ही व्याख्या पुरत नाही. मी विचारतो: त्याचा वेळ कोणत्या जॉबवर गेला हे सहज मोजता येतं का, आणि जॉबप्रमाणे तो वेळ बदलतो का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर डायरेक्ट.

तुमचा सॉवाला पिनला साधारण एक मिनिट घेतो. ६,००० पिना म्हणजे महिन्याला शंभर तास, ते डायरेक्ट. उरलेल्या वेळात तो टेम्पो उतरवतो, बार रॅकवर लावतो, झाडलोट करतो, ते ओव्हरहेड. हेल्पर पिनच्या कडेची बरी (कापल्यावर राहणारी धारदार कड) काढायला ४० सेकंद घेतो, महिन्याला ६७ तास, ते डायरेक्ट. धुणं-पॅकिंगही मोजलंत तर तेही. सेटर-सुपरवायझर ओव्हरहेडमध्येच राहू द्या, सेटिंगचा वेळ वगळून. त्यावर पुढे येतो.

तुम्ही म्हणाल, बेरीज तीच राहते, मग फरक काय? आज एकच जॉब आहे म्हणून फरक पडत नाही. पण तुम्ही आडवं भोक असलेल्या जॉबचं कोटेशन देणार आहात. त्यात मशीनवर दीड मिनिट आणि भोकाच्या आतली बरी हाताने काढायला अडीच मिनिटं. हेल्परचा पगार ओव्हरहेडमध्ये टाकून मशीनच्या तासांवर वाटलात तर हा जॉब स्वस्त दिसेल, कारण त्याचा मशीनचा वेळ कमी आहे. तुम्ही कमी रेट द्याल, काम मिळेल, हेल्पर दिवसभर त्याच जॉबवर बसेल आणि पिना बरी न काढता पडून राहतील. तो खर्च तुमची साधी पिन उचलेल आणि तुम्हाला वाटेल की पिनच तोट्यात आहे. चांगला जॉब सोडून वाईट जॉब धरून बसलेली वर्कशॉप्स मी पाहिली आहेत, आणि मालक आळशी नव्हते. त्यांनी फक्त हाताचं काम मशीनच्या तासांत लपवलं होतं.

सेटिंग. पिन सतत चालते म्हणून तुम्हाला जाणवत नाही. नव्या जॉबला जॉ (नग धरणारे जबडे) बदलणं, प्रोग्रॅम, पहिला नग पास होणं, तीन तास धरा. सेटिंग त्या लॉटसाठीच होतं, म्हणून ते त्या लॉटचं डायरेक्ट लेबर. सेटरचा ताशी खर्च १३० धरला तर ३९० रुपये. हजार नगांच्या लॉटला ३९ पैसे, शंभर नगांच्या लॉटला ३.९०. सेटरच्या पगारातून हे तास काढून उरलेला पगारच ओव्हरहेडमध्ये ठेवा, नाहीतर एकच खर्च दोनदा लागेल. कस्टमर 'सध्या शंभरच द्या, नंतर वाढवू' म्हणतो तेव्हा रेट शंभराचाच द्यायचा आणि कोटेशनमध्ये लॉटची संख्या लिहायची.

ओव्हरटाइम. तुम्ही दुप्पट देता, द्यायलाच हवा. १८,००० भागिले २६ भागिले ८, म्हणजे तासाला साडेशहाऐंशी, दुप्पट १७३. त्या तासात पंधरा नग निघतात, म्हणजे नगाला साडेअकरा रुपये. हा जादा भाग कुठे टाकायचा ते कारणावर ठरवा. कस्टमरने 'उद्या सकाळी गाडी येतेय' म्हणून रात्रभर चालवायला लावलं असेल तर तो त्याच ऑर्डरवर, आणि शक्य असेल तिथे आधीच बोलून त्याच्याकडून घ्या. एकूणच काम जास्त असेल, सगळ्या जॉबना ओव्हरटाइम लागत असेल, तर जादा भाग ओव्हरहेडमध्ये. रात्री नऊला जो जॉब योगायोगाने मशीनवर होता त्याने तो का सोसावा? आणि वीज गेली किंवा मशीन चार दिवस बंद होतं म्हणून भरपाईचा ओव्हरटाइम झाला, तर तो दोनशे बिघडलेल्या पिनांसारखाच, वेगळा लिहायचा.

तुमची स्वतःची पाळी. महिन्याला सहा-सात रात्री तुम्ही मशीनवर उभे राहता असं लिहिलंत. ती पाळी फुकट नाही. तुमच्या पगाराची नोंद नाही, एवढंच. कॉस्ट शीटमध्ये तिचे ९४२ रुपये धरा, इतर ऑपरेटरइतकेच. मालक म्हणून वेगळं काही मिळायचं ते नफ्यातून. सात रात्री म्हणजे ६,६०० रुपये. ते न धरता दिलेला रेट तुमच्या पाठदुखीवर उभा असतो. ज्या महिन्यात तुम्ही आजारी पडाल किंवा घरी लग्नकार्य निघेल, त्या महिन्यात त्या रेटला माल देणं परवडणार नाही. घरातलं कुणी पॅकिंगला येत असेल तर त्यांचेही तास धरा. पैसे घेत नाहीत म्हणून त्यांचा वेळ शून्य रुपयांचा होत नाही.

इन्सर्टबद्दल थोडक्यात: एका धारेत किती नग होतात हे तुम्ही मोजलंय, म्हणून तोही जॉबवर थेट लावता येईल. कूलंट, वंगण, चिंध्या, हातमोजे यांच्या मागे लागू नका. मोजायला लागणारा वेळ वाचणाऱ्या पैशांपेक्षा महाग पडतो.

कस्टमरचं मटेरियल घेऊन लेबर जॉब करण्याचाही विचार तुम्ही मांडलाय. त्यात बारमध्ये अडकणारा पैसा मोकळा होतो, हे खरं. पण रिजेक्शनची डेबिट नोट (तुमच्या बिलातून कापायची रक्कम) मटेरियलच्या भावाने येते. तुम्ही आठ-नऊ रुपयांची मजुरी कमावता आणि एका बिघडलेल्या पिनला पंचेचाळीस-शेहेचाळीस रुपये भरता. दोन टक्के रिजेक्शन कुणाच्या खात्यात, टोकं आणि चिप्स कुणाच्या, हे ऑर्डरवर लिहून घेतल्याशिवाय हो म्हणू नका. चलनांची नोंदही नीट ठेवा. जॉबवर्कला आलेला माल वर्षाच्या आत परत जायला हवा, हा जीएसटीचा नियम आहे.

आता रेट वाढवून मागण्याचं. 'महागाई वाढली' हे वाक्य पर्चेसवाल्याने दिवसात वीस वेळा ऐकलेलं असतं. तुम्ही त्याच्यासमोर तीन ओळी ठेवा.

पहिली ओळ ग्रॉस वजनाची. तुमच्या ऑर्डरवर फक्त तयार पिनचं ४६५ ग्रॅम लिहिलेलं आहे, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. बारचा भाव किलोला ५ रुपयांनी वाढला की तुमचा खर्च चांगल्या नगामागे ६७६ ग्रॅमवर वाढतो, ३.३८ रुपये. कस्टमर ४६५ ग्रॅमवर सुधारणा देतो, २.३३ रुपये. प्रत्येक वाढीत १.०५ रुपया तुमच्या खिशातून जातो. भंगाराचा भावही थोडा वाढतो, पण तेवढ्याने हे भरून निघत नाही. रोलिंगचं जादा वजन आणि तुमचं रिजेक्शन तो मान्य करणार नाही, मागूही नका. पण १०० मिमी लांबी आणि बारला ५८ नग, म्हणजे ६५४ ग्रॅम, हे ड्रॉइंग आणि बारच्या लांबीवरून त्याच्यासमोर सिद्ध करता येतं. एवढं इनपुट वजन ऑर्डरवर लिहून घेणं हे दोन रुपये रेट वाढवून घेण्याइतकंच मोलाचं आहे.

दुसरी ओळ बारचा पायाभूत भाव आणि त्याची तारीख, शेजारी भंगाराचा भाव. दोन्ही नसतील तर तिमाहीला सुधारणा कशावर करायची यावर दर वेळी वाद होतो.

तिसरी ओळ मजुरीची. इथे ७.८५ हा आकडा नुसता फेकू नका, पाळीला १२० नग आणि दिवसाचा ९४२ रुपये खर्च दाखवा. तो म्हणेल, सायकल तीन मिनिटांची आहे. त्याला वर्कशॉपवर बोलवा आणि एक तास लेथशेजारी उभं राहायला सांगा. चांगला पर्चेसवाला येतो. ऑपरेटरला पुढच्या वर्षी १,५०० रुपये वाढ द्यायची असेल तर ईएसआय-बोनससह ती महिन्याला १,७०० च्या आसपास जाते, म्हणजे नगाला साधारण ६० पैसे. पाळीचे नग १३० वर नेण्याची तयारी तुम्ही आधीच सांगितलीत, तर हे साठ पैसे तुम्ही स्वतः भरून काढताय हे त्याला दिसेल आणि तुमची मागणी फक्त मटेरियलवर उरेल. तिथे तुमची बाजू काट्यावर सिद्ध होते.

पुढचा लॉटही असाच मोजा: बारांची संख्या, काट्याचं वजन, कापलेले तुकडे, चांगले नग, विकलेलं भंगार आणि रोजचे फळ्यावरचे आकडे. हेल्परला आडव्या भोकाच्या जॉबचे दहा नमुना नग हाताने साफ करायला द्या आणि घड्याळ लावा. त्या जॉबचं कोटेशन ते दहा नग मोजून होईपर्यंत पाठवू नका.